मंठ्याकडची आंबट बाग

मामा,

नर्सरी चालू आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर माझी तब्येत विचारायच्या आधी तेच विचारलं असतं. विहिरीला पाणी आहे, जंबेरीचे वाफे हिरवे आहेत, आणि कलमाच्या डोळ्यांसाठी तुम्ही राखलेल्या मोसंबीच्या झाडांपैकी दुष्काळातून वाचलेली चार अजून फळ धरतात. तुमचा मुलगा दुष्काळ सरता सरता तापानं गेला. तेव्हा भावकी म्हणाली, बाईमाणसानं आता वाफे मोडावेत, ज्वारी पेरावी. मी मोडले नाहीत. मला दुसरं काही येत नव्हतं, आणि हे बराबर येत होतं. मालकांची चप्पल अजून विहिरीच्या खोलीत आहे. तिथली वस्तू म्हणून ती आहे, रोज दिसते, मी रोज कामाला लागते.

काम तुम्हीच शिकवलं. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात मी भाकरी घेऊन वाफ्यावर आले, तर तुम्ही म्हणालात, "टोपली ठेव अन् बस हितं. तुझी बोटं बारीक हायेत." जंबेरीच्या खुंटाला चीर द्यायची, मोसंबीच्या काडीवरचा डोळा सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा, केळीच्या सोपटानं बांधायचा. खाली आंबट जंबेरीची चिवट मुळं, वर मोसंबीचं गोड फळ. पहिल्या दिवशी माझे निम्मे डोळे उलटे बसले. तुम्ही सासूबाईंना हाक मारली, "अगं, ये लवकर, तुझी सून झाडाला शीर्षासन शिकवून राह्यली!" मी रडकुंडीला आले, आणि तुम्ही माझ्याच हातानं सगळे सोडवून पुन्हा बांधून घेतलेत.

एकदाच खरं रागावलात. घनसावंगीकडचा एक शेतकरी वाळलेली रोपं घेऊन आल्ता आणि मी त्याला बदली नवी काढून दिली. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "रोप बांधावरून गेलं की गिऱ्हाइकाचं. लेक दिली, मंग रोज जाऊन तिच्या चुलीत डोकावतो का आपण?" माझे वडील त्या वर्षात एकदाही मला भेटायला आले नव्हते. म्हणून असेल, ते वाक्य फार दिवस टोचत राहिलं.

मामा, मला आता वाचता येतं. रोपं गुंडाळायला जुन्या जालन्यातून रद्दी यायची, तीच चाळत शिकले. पेपरात आपल्या धंद्याचं येतं. दुष्काळानंतर ज्याला त्याला बाग लावायची आहे, आणि रोपं पुरत नाहीत म्हणून बाजारात नुसत्या जंबेरीला चीर देऊन, वर पट्टी बांधून, मोसंबी म्हणून विकतात. सरकार नर्सरीला परवाना लावणार असंही लिहितात. लावू दे. माझी झाडं कुणीही येऊन बघावीत.

अशा हवेत एक दिवस मंठ्याकडचा एक शेतकरी आला. वाफ्यावर दोन गिऱ्हाइकं बसलेली. त्यानं टॉवेलातली फळं माझ्या पुढ्यात ओतली. खरबरीत साल, टोकाला बोंडी.

"चाखा, बाई. दुष्काळाच्या आदल्या साली तुमच्या मालकानं मोसंबी म्हणून दिल्ती. चाखा की!"

मी सगळ्यांसमोर फोड तोंडात घातली. चिंचेनं लाजावं अशी आंबट. बसलेली गिऱ्हाइकं उठली, "पुढच्या बाजारी येतो, बाई," म्हणाली आणि गेली. आपल्या धंद्यात एवढंच असतं. फळ दिसायला वर्षं जातात, तोवर माणूस आपल्या शब्दावर रोप नेतो. तो शब्दच त्या दिवशी मातीत पडलेला होता. तुमचं बांधावरचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि सकाळच्या गाडीनं मंठा गाठला.

बागेत गेल्या गेल्या मी बुंध्याशी वाकले. झाडाझाडाला जमिनीलगत बोटाएवढा वाळका खुंट. ती आपली मोसंबी. दुष्काळात ती जळाली, आणि खालची जंबेरी बुडातून फुटून झाड झाली. शेतकऱ्याची बायको मागे उभी होती.

"वरून वाळून गेल्ती," ती म्हणाली. "बुडातून हिरवं दिसलं तवा मी नारळ फोडला. डोक्यावर हंडे आणून जगवली, बाई."

नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. "म्हंजे इतकी वर्षं आपण जंबेरीच पोसली?"

फसवणूक आपली नव्हती; मोकळ्या नावानं मी तिथूनच परतू शकत होते. पण त्याच उन्हाळ्यात आपली चार झाडं मीही हंड्यांनीच जगवली होती. ते ओझं मला माहीत होतं.

"झाडं गुडघ्याएवढी ठेवून कापा," मी म्हणाले. "नवी फूट आली की मी येऊन तिच्यावर मोसंबीचे डोळे बांधते."

"कापा? उभी बाग? तुमच्या एकटीच्या सांगण्यावरून?"

"माझ्या सांगण्यावरून नको. आमच्या मामांची रीत आहे. दिलेलं रोप फळाला येईस्तोवर आमचं."

तो तुम्हाला ओळखत होता. "म्हाताऱ्याची रीत हाय तर मंग ठीक," म्हणाला आणि करवत आणायला गेला.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामी राहिले. मी डोळे बसवायचे, ती बांधायची. पहिलाच तिनं बांधला तो उलटा. मी तिला शीर्षासनाचं सांगितलं, तर हसता हसता मातीत बसली. बरेचसे डोळे धरले, न धरलेले पुन्हा केले. यंदा त्या बागेत गोड फळ आहे. आता दर हंगामाआधी मी विकलेल्या रोपांमागं गावोगाव जाते, बुडातली फूट काढायला शिकवते. गिऱ्हाईक वाढलं आहे. परवा एक म्हातारा म्हणाला, असा रीत घालून देणारा माणूस आता होणार न्हाई, आणि तुमच्या आठवणीनं त्यानं डोळे पुसले. मी त्याला चहा दिला.

हे पोस्टात पडणार नाही, म्हणून लिहिते. फळाला येईस्तोवर रोप आमचं, असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात, उलट म्हणाला होतात, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. लोक तुमचं नाव काढतात तेव्हा मी खाली मान घालून काम करत राहते. त्यांना वाटतं, सुनेला भरून आलं. खरं सांगू मामा, मला हसू आवरत नसतं.