दोघांनी उचलायचं छप्पर

प्रिय धाकुटे,

जुन्या छोट्या ट्रकच्या हौद्यावर मी प्लायवुडची खोली बांधली आहे. रस्त्याने जाताना तिचं छप्पर खाली बसलेलं असतं. मुक्कामाला ते वर उचललं की ताडपत्रीच्या भिंती ताणल्या जातात आणि आत ताठ उभं राहता येतं. आत पडून ताडपत्रीच्या खिडकीतून वर पाहिलं की आपल्या वर्गाच्या खिडकीतले ढग आठवतात बघ.

गंमत अशी की दोन्ही बाजू एकदम उचलल्या नाहीत तर छप्पर अडकतं. छपराचा सांगाडा करून देणारा वेल्डर आणि मी "एक, दोन, तीन" म्हणून पाहिलं. तो तीनला उचलायचा, मी तीन म्हणून झाल्यावर. शेवटी मी त्याला आपली शाळेतली ढगांची कविता शिकवली.

"काका, छप्पर उचलायचंय की पाठांतराचं बक्षीस मिळवायचंय?" तो म्हणाला. पण तिसऱ्या ओळीच्या ठेक्यावर छप्पर पिसासारखं वर गेलं!

आता तो एकट्याला छप्पर उचलता येईल असा जॅक बसवून देतो म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

भाऊजी गेल्यापासून तू फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. कुठे जाऊ या म्हटलं की "बघू" म्हणतेस. चादरीचा तंबू करताना आपण हीच कविता म्हणायचो आणि तिसरी ओळ यायच्या आतच तू तुझी बाजू उचलायचीस. अजून तशीच घाई करतेस का गं?

हे पत्र पोस्टात टाकत नाही, खिशातच ठेवतो, कारण उत्तरातही "बघू"च येईल. उद्या ट्रकच तुझ्या फाटकाशी आणतो. एक बाजू धरून मी पहिली ओळ म्हणेन. तिसरीपर्यंत तुझा हात दुसऱ्या बाजूला पोचतो का, ते बघू.

उद्या तुझी वाट पाहत उभा राहणारा,
दादा