टाकीशेजारचा सेटटॉप बॉक्स

चिखले, ता. डहाणू
डिसेंबर २०१७

ती. सुषमाताईस,

धाकट्या विपुलचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). दाजींचा गुडघा तलासरीचा बाजार फिरण्याइतका सुधारला असेल अशी आशा आहे. इकडे आई उत्तम, चिकू मध्यम. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडतेस आणि मधली उत्तरं दाजी देतात, म्हणून लिहितो.

गणपतीत मी मोठा टीव्ही आणि एचडीचा बॉक्स घेतला, हे तुला ठाऊक आहेच. मालिकेतल्या सासूच्या नथीतले मोती मोजता यावेत असं चित्र. पण त्यातून भलतंच निघालं. आई एक महिना माझ्याकडे, एक महिना सदूदादाकडे, ही रीत बाबा गेल्यापासूनची. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दादाने माझ्याशी अबोला धरला, तरी महिना संपला की आईची पिशवी वाडीपलीकडे त्याच्या ओटीवर जायचीच. या खेपेला आई म्हणाली, "सदूकडं माणसांची तोंडं धुरकट दिसतात. मालिका संपली की जाईन." (मालिका कधी संपते का?) कार्तिक सरत आला तरी आई इथेच. दादाने गावात सांगितलं, की विपुलने टीव्ही दाखवून आई फोडली. ताई, हे मला फार लागलं. आपण पाण्यावरून भांडू, पण आईवरून भांडणारी माणसं आपण नव्हे.

तेव्हा मी ठरवलं, एचडीच दादाच्या घरी न्यायचं. चारोटीला नविनच्या दुकानातून एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींना वाटणारी डबी आणली आणि त्याच्याकडची सगळ्यात लांब केबल. ठिबकच्या जुन्या नळीत ती घालून चिकूच्या रांगेरांगेने दादाच्या खिडकीपर्यंत नेली. दादाने आडकाठी केली नाही, कारण आईने त्याला निरोप धाडला होता, की खिडकी उघडी ठेव. पण त्याच्या टीव्हीवर चित्र येईना. आलंच तर डोळा मिचकावून जाई. दुसरा कुणी घाबरला असता. मी शांतपणे विचार केला, की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसेल तर आपण काय करतो? अलीकडचे कॉक बंद करतो. म्हणून माझा टीव्ही बंद केला. (दिशाने कपाळाला हात लावला. तिच्या माहेरी बागायत नाही.) तरी येईना. मग राहिला एकच उपाय, उंची. बॉक्स डबीसकट उचलून गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी चिकूच्या क्रेटमध्ये ठेवला, आणि दुसरी, आखूड केबल आणून गच्चीवरून थेट दादाच्या खिडकीत सोडली. चित्र धो धो आलं. नविन म्हणतो, केबल आखूड झाली म्हणून आलं. असो. दुकानात बसणाऱ्याला उताराचं काय कळणार?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बॉक्स चालू करताना मी गच्चीवरून सवयीने ओरडलो, "आलं का?" मोटर लावल्यावर ओरडतो तसंच. खालून उत्तर आलं, "आलं, पण आवाज नाय!" उत्तर दादाचं होतं. त्यालाही सवयच नडली. मी रिमोटने आवाज वाढवला. मला तर खाली उतरायचंही सुचेना.

आई दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन तिकडे गेली. आता बॉक्स गच्चीवर, रिमोट तिथेच चालतो आणि दोन्ही घरांत एकच चॅनल. आईची मालिका संपली की दादा अंगणात येऊन हाक मारतो, "विपुल, बातम्या लाव." मी जिना चढतो. चढलोच आहे तर तो विचारतो, टाकीत पाणी किती? मग चिकूचा भाव निघतो, दाजींचा गुडघा निघतो. काल स्वतःहून म्हणाला, सकाळची पाळी तू घे, मला संध्याकाळची चालेल. मी खाली येऊन दिशाला म्हटलं, बघ, उंचीवरून सगळं उतरतं.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विपुल

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. दादा स्वतःच्या बॉक्सची किंमत विचारून गेला, असं नविन सांगत होता. दाजींचा शब्द दादा मोडत नाही. खाऱ्या हवेत दोन बॉक्स टिकत नाहीत, असं काहीतरी त्यांनी त्याला ठासून सांगावं. त्याने बॉक्स घेतला तर तो अंगणात कशाला येईल? मला ते सोसणार नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच निलमवहिनींनी बोलावलं, दादाकडची वायर निसटली होती. ती खोचताना टीव्हीमागे नवा कोरा बॉक्स दिसला, खोकंसुद्धा न फोडलेला. वहिनी हळूच म्हणाल्या, "आणून पंधरवडा झाला. लावा म्हटलं, तर म्हणतात, राहू दे, विपुल चढतो की." तेव्हा दाजींना काही सांगायला लावू नकोस. कंबरेला चोळायचं तेल तेवढं पाठव.