बीजगणिताचा शांत तास

३ सप्टेंबर, सोमवार
शाळेचं छत दुरुस्तीला काढलंय. महिनाभर ऑनलाइन तास. पंचवीस वर्षं बीजगणित शिकवतोय. मला फळा काय आणि लॅपटॉप काय. जेवणाच्या खोलीत फळा टांगला. लेक म्हणाली, बाबा, अर्धा तास बसा, सगळं दाखवते. म्हटलं, तुला आकडे गिरवायला कोणी शिकवलं? गुमान कॉलेजला गेली.
पहिला तास. नववी ‘ब’ची अडतीस पोरं एकदम बोलायला लागली. नुसता बाजार. लॅपटॉपचा आवाज शून्यावर आणला, वर माइकचं बटण दाबलं. ते लाल झालं. वर्ग चिडीचूप. शिस्त दोन सेकंदांत लागते, लावणारा हवा.

४ सप्टेंबर, मंगळवार
मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, यांचा निरोप: तेरा तारखेला चाचणी, कागदावर, ग्रंथालयाच्या हॉलमध्ये. निकाल बघून पुढच्या वर्षीची दहावी कोणाकडे द्यायची ते ठरेल. दहावी बावीस वर्षं माझ्याकडे आहे. त्यात ठरवायचं काय? झोप लागली नाही, पण ती उकाड्याने.

६ सप्टेंबर, गुरुवार
एका मुलाच्या वडिलांचा फोन. इलेक्ट्रिशियन आहेत. म्हणाले, सर, तुमचं काहीच ऐकू येत नाही म्हणतो पोरगा. म्हटलं, अहो, त्याला वर्गातही ऐकू येत नव्हतं. तुमच्याकडची वायर बघा. त्यावर ते गप्प झाले. पटलं असावं.

१० सप्टेंबर, सोमवार
नवीन बाई (वय सत्तावीस, ‘अ’ तुकडीचं गणित) मुलांना तासात बोलू देतात म्हणे. कीव आली. माझ्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येईल. सगळी माना खाली घालून लिहून घेतात. मधेच दोन-चार जण हसतात; विषयाची गोडी लागली की असं होतं.
घसा पार बसलाय. संकल्प: उद्यापासून हळू बोलायचं.

१३ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ११
चाचणी सुरू. हॉलमध्ये देखरेखीला नवीन बाई. मी घरी. छातीत धडधडतंय. चहा जास्त झाला.
दुपारी २
मोठ्या बाईंना सहज फोन केला. म्हणाल्या, सर, आज हा तुमचा तिसरा फोन. दुसराच होता.

१५ सप्टेंबर, शनिवार
अडतीसपैकी पस्तीस पास! सहा जण नव्वदच्या वर. ‘अ’ तुकडी मागे पडली. बायको म्हणाली, खरंच? आनंदाने म्हणाली असणार. मोठ्या बाईंनी ठरवलंय, सोमवारी सगळे शिक्षक ऑनलाइन माझा तास बघतील. दहावीचं त्यानंतर जाहीर करतील. शर्ट इस्त्रीला टाकला.

१७ सप्टेंबर, सोमवार, दुपार
घडलं तसं लिहितो.
व्यत्यय नको म्हणून फोन कपाटात ठेवला होता. पंधरा शिक्षक हजर. पस्तीस मिनिटं शिकवलं. इतकं चांगलं आजवर कधी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात लेक आत आली. मोठ्या बाईंनी शेवटी तिला फोन लावला होता. माझ्याकडे न बघता तिने लॅपटॉपचा आवाज वाढवला.
एका मुलीचा आवाज. शेवटच्या बाकावरची. दोन वर्षांत मी तिला एकदाही उभं केलं नाही. ती सांगत होती, सरांनी आता दोन्ही बाजूंना तीनने भागलंय, का ते बघा. मग म्हणाली, इथे सरांनी अधिक लिहिलंय, ते उणे हवं. सर घाईत आहेत, तुम्ही उणे लिहा.
अडतीस जणांनी उणे लिहिलं. काही शिक्षकांनीही लिहिलं.
लेक हळूच म्हणाली, बाबा, तुमचा माइक पहिल्या दिवसापासून बंद आहे. अकरा तास झाले. मी वळलो तशी ती मुलगी थांबली. स्क्रीनवर सगळे माझ्याकडे बघत होते. लेकीने माइक चालू केला. डस्टर घेतलं, अधिक पुसलं, उणे केलं.

१८ सप्टेंबर, मंगळवार
दहावी नवीन बाईंकडे. मोठ्या बाईंनी फार सांभाळून सांगितलं. बायकोने चहा आणून ठेवला. एक बरं, विद्यार्थिनी घडवली ती शेवटी मीच. हे वाक्य लेकीला वाचून दाखवणार होतो. नाही दाखवलं.
आज माइक चालू ठेवून दहा मिनिटं शिकवलं. मग इलेक्ट्रिशियनच्या मुलाने विचारलं, सर, राग येणार नसेल तर तुम्ही लिहाल का? सांगायचं ते तिला सांगू द्या. म्हटलं, असं चालत नाही. कोणी काही बोललं नाही. आता ती शांतता मला ऐकू येत होती.
मी लिहायला लागलो. ती सांगत होती. मधे एकदा थांबून म्हणाली, सर, अक्षर जरा मोठं काढाल का, फोनवरून बघणाऱ्यांना दिसत नाही.
काढलं.