पाटाचा संच

दि. ४ जून

ती. वन्सं,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. दाढ काढावी लागली हे वाचून वाईट वाटलं, आणि काढणाऱ्या डॉक्टरलाच तुम्ही त्याच्या खुर्चीत बसून फैलावर घेतलंत हे वाचून जिवात जीव आला. मुख्याध्यापिका निवृत्त होतात, त्यांचा आवाज होत नाही. माझं म्हणाल तर गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. वरच्या मजल्यावरच्यांनी कुत्रा आणलाय. तो दिवसभर भुंकतो आणि संध्याकाळी ती माणसं भांडतात.

तुमचा बेत समजला. कॉलेजच्या सभागृहात काचेचं कपाट, त्यात इतिहासाचे बारा खंड, खाली तुमच्या भावाच्या नावाची पितळी पाटी आणि ऑगस्टात त्यांच्या स्मृतिदिनी उद्घाटन. आमंत्रणपत्रिका छापायला टाकल्यासुद्धा! मला विचारायचं राहून गेलं असेल, कामाच्या गडबडीत राहतं एखादं.

पण खंड आत्ता हलवण्याजोगे नाहीत. कातडी बांधणी म्हातारी झाली की तिचा तांबडा भुगा पडायला लागतो, हात लावावा तर बोटं रंगतात. आठव्याला कसर लागली होती. तिसऱ्याची पाठ उघडताच माझ्या हातात आली. म्हणून बाइंडरांना बोलावलं. ने-आण करण्यात खंड आणखी खिळखिळे होतील, तेव्हा त्यांनी पुस्तकं दाबून धरायचा आपला शिकंजा इथेच जेवणाच्या टेबलावर मांडलाय. घरभर खळीचा वास असतो. जेवण सध्या मांडीवर ताट घेऊन चालतं.

तुम्ही पाहणीसाठी धाडलेले जुन्या पुस्तकांचे व्यापारीही येऊन गेले. त्यांना काय वाटलं ते त्यांनी तुम्हाला कळवलं असेलच. चहा न घेता गेले.

तर ऑगस्टची घाई नको. हे म्हणतात, खळ नीट वाळू द्यावी. घाईने मिटलेलं पुस्तक जन्मभर वाकडं राहतं.

दाढेची काळजी घ्या. गरम पाण्याच्या गुळण्या करा, डॉक्टरांवर राग असला तरी.

तुमची,
वहिनी


दि. १९ जून

ती. वन्सं,

नमस्कार. इतकं छोटं पत्र तुम्ही मला आजवर लिहिलं नव्हतं. “‘हे म्हणतात’ असं तू लिहिलं आहेस. माझा भाऊ जाऊन पाच वर्षं झाली. तो हल्ली काय काय म्हणतो ते सविस्तर कळव. आणि खंड एका रंगाचे करून घे, व्यापारी सांगत होते.” बस. खाली सही.

वाचून मी आधी हसले, मग जीभ चावली. उभा जन्म पोरांना सर्वनामं शिकवलेल्या बाईला पत्र लिहायचं, तर मी जपून लिहायला हवं होतं. त्या ‘हे’चं उत्तर देते, पण शेवटी. आधी रंगाचं बोलू.

तुमच्या व्यापाऱ्यांनी बारा खंड ओळीत लावले, चष्मा कपाळावर चढवला आणि अकराव्यापाशी येऊन नाक मुरडलं. म्हणाले, “बाई, हा तर पाटाचा संच!” मी विचारलं, म्हणजे काय? तर पहिले दहा खंड एका आवृत्तीचे, शेवटचे दोन भलत्याच आवृत्तीचे, भलत्या घरातून आलेले. जन्माची जोडी नव्हे, मागाहून जमवलेली. विधवेचा पाट लावतात, दुसरं लग्न, तसं. त्यांच्या धंद्यात अशा संचाला हेच नाव आहे आणि त्याला मान नाही, म्हणे. मग बाइंडरांकडे वळून त्यांनी सल्ला दिला, “अहो, सगळ्या पाठींना एकदम काळा रंग फासा. सभागृहात कोणाला कळतंय?”

“मला कळतंय,” बाइंडर म्हणाले. “नवं कातडं मी जुन्याला जुळवून लावतो साहेब. ते जुनंच आहे असं सांगत नाही.”

त्यावर तुमचे व्यापारी चहा न घेता गेले. म्हणून मी म्हटलं ना, कळवलं असेलच.

रंग लागणार नाही, वन्सं. एका पाठीलाही नाही. आणि खंड सभागृहात जाणार नाहीत, कारण ती पाटी खोटी आहे. संग्रह तुमच्या भावाचा नव्हता. माझा होता.

पहिला खंड त्यांनी आणला, हे खरं. टाय दाबून ठेवायला जड काहीतरी हवं होतं. मी तो टायांवरून उचलला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचायला लागले, ती भाजी करपेपर्यंत. पुढचे खंड मी शोधले. मोडीत निघालेल्या घरांचे लिलाव पाहिले, रद्दीची दुकानं पालथी घातली, बंद पडलेल्या एका क्लबच्या तळघरात नाकाला पदर लावून उतरले. सातवा खंड एका दवाखान्यात डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होता! दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून वीट घेऊन गेले, वीट पायाखाली सरकवली आणि खंड घरी आणला. डॉक्टर बघत राहिले. तुमचा भाऊही बघत राहिला, आणि रात्री पाहुण्यांना सांगायला लागला, “माझ्या संग्रहात आता सातवाही आला!” मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पाहुणे त्यांना इतिहासातलं काहीबाही विचारायचे. ते रसायनशास्त्राचे, ते माझ्याकडे बघायचे, मी हळूच उत्तर सांगायचे आणि सगळे म्हणायचे, घरात वाचनाचं वातावरण आहे हो.

ते वाईट नव्हते. माझ्या आजारपणात उशाशी बसून राहिले, मला भरवलं, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. पण चांगल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याचं काम चढवायचं कशाला? त्यांचं स्वतःचं काय कमी होतं?

शेवटचे दोन खंड ते गेल्यावर मिळाले. मिळाले ते दुसऱ्या आवृत्तीचे, आणि तिची विभागणी निराळी. दहाव्याच्या शेवटच्या पानावर म्हातारा राजा मरतो. दरबार रडतो, घोडे काळ्या कापडाने झाकतात. आणि अकरावा उघडावा, तर तोच राजा जेवायला बसलेला! मटण नीट शिजलं नाही म्हणून आचाऱ्यावर ओरडतोय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, फसले. खंड घेऊन तणतणत बाइंडरांच्या दुकानात गेले, की हे काय बांधलंय कोणी? त्यांनी ती पानं वाचली आणि इतके हसले की हातातलं दाभण खाली पडलं. मग मीही हसले. तुमचा भाऊ गेल्यानंतर मी अशी हसले नव्हते. आता बाराही खंडांत मला ती पानं सगळ्यांत आवडतात. एवढ्या मोठ्या इतिहासात एकाला तरी मेल्यावर पुन्हा जेवायला बसता आलं.

आलं ना ध्यानात? ‘हे’ म्हणजे बाइंडर. कधी लिहून गेले मला कळलं नाही. चूक तुम्ही पकडलीत, पण मी ती दुरुस्त करणार नाही. आम्ही लग्न करतोय. साठी उलटली आहे, दोघांचेही गुडघे कुरकुरतात, आणि तरी करतोय. तुमच्या व्यापाऱ्यांना सांगा, हवं तर पाट म्हणा.

तुमची,
वहिनी


दि. ५ जुलै

ती. वन्सं,

नमस्कार. या वेळी तुम्ही मोठं पत्र लिहिलंत. चार वेळा वाचलं. तिसऱ्यांदा रडले, चौथ्यांदा राग आला, म्हणून लगेच लिहायला बसले आहे.

तुम्ही म्हणता, ऑगस्टपर्यंत गप्प राहा. समारंभ होऊ दे, खंड कपाटात बसू दे, मग तुला काय करायचं ते कर, मी विचारायला येणार नाही. आणि नाही ऐकलंस तर मला वन्सं म्हणू नकोस.

मी गप्प राहणार नाही. ट्रे धरून पुष्कळ वर्षं गप्प राहिले. लोकांना काय वाटेल, असं तुम्ही तीनदा लिहिलंय. लोकांना माझ्याबद्दल काही वाटावं, अशी ही पहिलीच वेळ आहे, वाटू द्या! पोरगी असते तर घरच्यांनी ‘वय काय तुझं’ म्हणून दटावलं असतं. आता तुम्हीही तेच म्हणता. मग माझं बरोबर वय होतं तरी कधी?

खंड माझ्याबरोबर जातील. बाइंडरांची जागा दोन खोल्यांची आहे, खाली दुकान. कपाटाला काच नाही. त्याची गरजही नाही, कारण पुस्तकं सारखी बाहेर असतात.

पाटी टपालाने मिळाली. ती परत पाठवते आहे, रागाने नव्हे. जुन्या चादरीत गुंडाळली आहे, चरा जायचा नाही. वन्सं, ती सभागृहात लावू नका, रसायनशाळेत लावा. खिडकीकडच्या ओट्यावर. तिथे ते खरोखर होते. तिथे उभे राहिले की त्यांना घरदार आठवायचं नाही, आणि त्यांनी शिकवलेली मुलं आजही मला रस्त्यात थांबवून सांगतात की सरांमुळे आम्ही उभे राहिलो. ‘संग्रह’ हा शब्द घासून काढायला सांगा, नाव तेवढं राहू द्या. त्या समारंभाला मी येईन. पहिल्या रांगेत बसेन. हेही येतील, आणि तुम्हाला वाकून नमस्कार करतील. त्यांना मी सांगून ठेवलंय की तुम्ही चटकन आशीर्वाद देत नाही.

आता लग्नाचं. गेल्या मंगळवारी आम्ही विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन अर्ज दिला. नोटिशीचा महिना सोडून तारीख मिळाली ती एकवीस ऑगस्ट, सकाळी अकरा. ह्यांच्या बाजूने त्यांचा भाऊ सही करणार. माझ्या बाजूने एक साक्षीदार हवा होता. माझ्या माहेरचं आता कोणी उरलं नाही, तुम्हाला माहीत आहे. मी तुमचं नाव लिहिलं. पुढे नात्याचा रकाना होता, त्यात ‘नणंद’ लिहिलं.

कारकून म्हणाला, “बाई, असं कसं? पहिल्याची बहीण दुसऱ्या लग्नाला साक्षीदार?”

मी म्हटलं, “ती माझी कोण, ते मला ठाऊक आहे. तुम्ही शिक्का मारा.”

त्याने मारला.

माझ्या लग्नात मला घरात घेताना तुम्ही माझा हात धरला होतात. धरलेला हात पत्रातून सोडता येत नाही, वन्सं. तो शब्द खोडायचा असेल तर एकवीस तारखेला अकरा वाजता या, आणि माझ्या डोळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने खोडा.

लग्नानंतरही तुमचीच,
वहिनी