मुंगीचा एकच शब्द

३ मार्च, सकाळी
शाळेने मुंगीला नाकारलं. मुंगी म्हणजे आमची कन्या, वय वर्षं आठ. वर्गात गोंगाट झाला की ती टेबलाखाली जाऊन बसते, म्हणून महिनाअखेरपर्यंत दुसरी शाळा बघा म्हणे. हेडबाईंना चांगलं खडसावलं. मुंगीने कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, 'बस.' ती बोलते तो हा एकच शब्द. तिला घरी जायला बस हवी होती. बापाला लगेच कळतं.
संकल्प : आठवड्यात उत्तम पर्यायी शाळा. आवाज चढवायचा नाही.

५ मार्च
वीस वर्षं लिफ्टची तपासणी करतोय. माझ्या सहीशिवाय माणूस पहिल्या मजल्यावर जात नाही. शाळांसाठीही बेचाळीस प्रश्नांचा तक्ता केला. बायको म्हणाली, लिफ्टला विचारायचे प्रश्न शाळेला विचारू नकोस. दुर्लक्ष केलं.

९ मार्च
शाळा पहिली. झाडाखाली वर्ग, मातीकाम, सगळं गोडगोड. आणीबाणीत बाहेर पडायचं दार कुठे, असं विचारलं, तर मुख्याध्यापक म्हणे सगळंच उघडं आहे. उद्धट! सुनावलं. मुंगी : 'बस.' बरोबर. शाळेला स्वतःची बस नाही. नापास.

१४ मार्च
शाळा दुसरी. तिथल्या बाई 'अशा मुलांना' म्हणाल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. अशा म्हणजे कशा? माझी मुलगी तीनशे तुकड्यांचं कोडं चित्र न बघता, उलट्या बाजूने लावते. तुमच्या बापाला जमेल का? (हे मोठ्याने बोललो.) मुंगी : 'बस.' बसायला धड खुर्च्या नाहीत हे तिनेही हेरलं. नापास.
आवाज चढवला नाही. तो मुळातच चढा आहे.

१९ मार्च
तिसरी, चौथी, दोन्ही नापास. चौथीत शिपायाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. सगळे एका माळेचे मणी. बायकोने अबोला धरलाय. बोलली ते एवढंच, की बारा दिवस उरले.

२६ मार्च, दुपारी
शाळा पाचवी. दोन खोल्या, अकरा मुलं. बाईंचा आवाज इतका हळू की मला वाकून ऐकावं लागलं. सतराव्या प्रश्नाला मुंगी 'बस' म्हणाली. मी समजावलं, तिला बस हवी आहे. बाई म्हणाल्या, तसं वाटत नाही. मघाशी तुम्ही फोनवर बोलायला बाहेर गेलात, तेव्हा दहा मिनिटं ती ठोकळे रचत होती. कानांवर हात गेला नाही. तुम्ही आत येऊन बोलायला लागलात, की जातो. ती 'पुरे' म्हणत असावी.
आठ वर्षं हिच्यासोबत मी राहतोय की तुम्ही, असं विचारायला तोंड उघडलं. मुंगीचे हात आधीच कानांकडे निघाले होते.
तोंड मिटलं. प्रवेश मिळाला. अट एकच. पहिला आठवडा वडिलांनी वर्गात यायचं, बोलायचं नाही.
घरी येऊन तक्ता फाडला. भयंकर राग आलाय. कोणाचा, ते लिहीत नाही.

१ एप्रिल, सकाळी ९:१०
पहिला दिवस. दाराशी उभा होतो. दाराची बिजागरी सैल आहे, तरी बोललो नाही. मुंगीने एक पिटुकली खुर्ची माझ्याकडे सरकवली. म्हणाली, 'बस.'
कुठल्या अर्थाने, ते विचारलं नाही. बसलो.