रिकाम्या वाडीची आरोग्य तपासणी

उल्हासनगर, कॅम्प नंबर चार
२१ जानेवारी १९८८

तीर्थरूप सोमामामा यांच्या पायांवर शिवरामचं डोकं. मामीलाही नमस्कार. तिकडे तुमच्या गावी तुमचा गुडघा कसा आहे, मामीचा खोकला थांबला का, आणि खुडूक झालेली कोंबडी उठली का, ते कळवावं. माझी तब्येत बरी आहे. फक्त झोप येत नाही आणि जेवण जात नाही.

(विष्णुपंत गुरुजी, हे पत्र मामांना तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून प्रत्येक वेलांटी दोनदा तपासली आहे. तरी चूक राहिली तर तो आठवीतून शाळा सोडल्याचा दोष, तुमच्या शिकवण्याचा नव्हे. कंसातलं मोठ्याने वाचू नये.)

मामा, मी शिपाई आहे त्या संस्थेत आधीच डॉक्टर झालेली माणसं पुन्हा शिकायला येतात. इथे एका माणसाचा ताप बघत नाहीत, अख्ख्या गावाचा बघतात. यंदा त्यांच्या अभ्यासात पहिल्यांदा आपल्या लोकांचा धडा आला, 'आदिवासींचे आरोग्य'. शिकवणाऱ्या सुनेत्राबाईंनी तो भांडून घालून घेतला. वेळापत्रकात तो 'घरमाशी' आणि 'सांडपाणी' यांच्या मध्ये बसवला आहे (जागा तेवढीच होती). तरी मला इतका आनंद झाला की बाईंच्या चहात साखर दोनदा पडली. द्रौपदीताई पावसाळ्यात बाळाला घेऊन दवाखान्यात गेली होती, तेव्हा तिला कातकरी म्हणून दुपारपर्यंत बाहेरच बसवलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. हेच डॉक्टर उद्या अशा दवाखान्यांवर साहेब होऊन जाणार. त्यांनी आपली माणसं आधी जवळून पाहिली तर ताईला पुन्हा बाहेर बसावं लागणार नाही, एवढाच माझा हिशेब.

धड्याला जोडून एक दिवस प्रत्यक्ष भेट होती. बाईंनी विचारलं, "शिवराम, तुमचीच वाडी दाखवता का?" मी लगेच हो म्हटलं. तारीख मात्र मोठ्या साहेबांनी घातली, जानेवारीतली. मी घाबरत सांगितलं की दिवाळी झाली की आमची सगळी वाडी वीटभट्टीवर जाते, ती पाऊस तोंडावर आला कीच परत येते. साहेब म्हणाले, "वेळापत्रक छापून आलंय. लोकांना एक दिवस थांबायला सांग." (लोकांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. साहेबांना पुन्हा सांगायची माझी हिंमत झाली नाही.)

बस एका सिंधी शेठची, आदल्या दिवशी वरात वाहून आलेली. पुढच्या काचेवर झेंडूची माळ तशीच. बदलापूरच्या पुढे रस्ता संपला तिथे उतरून बारा डॉक्टर वाडीत शिरले. सगळ्या दारांना बाहेरून काट्या लावलेल्या. माणूस एकच, म्हातारी वेणूबाई, चालवत नाही म्हणून मागे ठेवलेली. फॉर्म तर भरायचेच होते, म्हणून बाराही जणांनी वेणूबाईलाच तपासलं. प्रत्येकाने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला. आधी ती खूश होती, मग तिचा चेहरा उतरत गेला. मला जवळ बोलावून म्हणाली, "शिवा, मानूस मरायला टेकला तरी एक डागदर येत नाय, आन् आज एवढे? माझं काय खरं नाय. पोराला सांगावा धाड." शेवटचा पट्टा सुटेपर्यंत शेळी कोणाला द्यायची तेही तिने सांगून टाकलं होतं. मालिनी नावाच्या डॉक्टरबाईंनी फॉर्मवर लिहिलं, 'वाडीत लहान मुलांमध्ये कोणताही आजार आढळला नाही.' खोटं नव्हतं ते. वाडीत मूलच नव्हतं.

सुनेत्राबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "शिवराम, लोक आहेत तिथे घेऊन चला." बस नदीकाठच्या भट्टीकडे वळली, ताई आहे त्याच भट्टीकडे. मी खिडकीशी बसून कॉलर सारखी करत होतो. ताई आपल्याला डॉक्टरांबरोबर बघणार, याचंच कौतुक डोक्यात.

भट्टीवरच्या दौलतराव मुकादमाने बस पाहिली आणि ओरडला, "सर्वे आला रे, सर्वे!" मामा, तुम्हाला नसबंदीचं साल आठवत असेल. अशीच गाडी आली होती आणि धाकट्या काकाला उचलून नेलं होतं. हातातला चिखल टाकून माणसं नदीकडे पळाली. मागून बारा डॉक्टर फॉर्म घेऊन, "अहो थांबा, भिऊ नका!" करत. (त्यांना तसं पळताना बघून मीही भ्यायलो असतो.) एकाची चप्पल चिखलात रुतली ती मिळालीच नाही, आता तिची वीट झाली असेल.

ताई कच्च्या विटांच्या थराआड सापडली, बाळ कडेवर. मी हसत पुढे झालो. ती मागे सरकली. मला बघून, मामा.

"शिवा, तू पन त्यांच्यातला झालास?"

"ताई, डॉक्टर आहेत गं. बाळाला बघतील."

"तुझ्या पाया पडते. गाडी घेऊन जा."

बाळाचं पोट फुगलेलं, पाय काटकुळे. त्याने माझ्याकडे बघितलं, पण रडलं नाही. अंगाला हात लावला तर भट्टीसारखं तापलेलं. बाईंना बोलावून आणेपर्यंत ताई नदी उतरून पलीकडे गेली होती. बाईंनी औषधं मुकादमाकडे ठेवली. अजून तिथेच असतील.

संस्थेत सगळे म्हणतात, भेट छान झाली. घरातल्या सर्वांना नमस्कार.

तुमचा भाचा,
शिवराम

ता. क. खरं काम हे. मामा, पत्र मिळताच निघा आणि भट्टीवर जा. बाळाचा मामा मी, भट्टी उठली की जावळही माझ्याच मांडीवर काढायचं ठरलं आहे, पण मला बघून ताई पळते. तुम्हाला बघून पळणार नाही. बाळाला घेऊन या. बाई म्हणाल्या आहेत, केव्हाही आणा. उशीर नको.

(गुरुजी, इथे थांबा. आधी मामांना खाली बसवा, मग पुढचं वाचा.)

ता. क. दुसरा. चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडलं आहे आणि टपालात न टाकता तुमच्या गावाकडे निघालेल्या मधूच्या हाती पाठवतो आहे. बाळाला आणायची घाई आता राहिली नाही. काल ताईच त्याला घेऊन संस्थेच्या दारात आली. "शिवा, तुझे डागदर कुठं हायत?" म्हणाली. सुनेत्राबाई जिन्यावरून धावत आल्या. बाळ वाटेतच गेलं होतं. जावळ राहिलं. ताई माझ्या खोलीवर आहे. तुम्ही मात्र या.

मोठ्या साहेबांनी ठरवलं आहे की पुढच्या वर्षी भेट पावसाळ्यात ठेवायची, तेव्हा सगळे घरी असतात. बरोबर आहे. जे उरतील ते घरीच असतील.