खाडीकडचा उतार

२ जाने.
हजीऱ्याला खाडीच्या पाळ्यावर, त्या मातीच्या बांधावर, गाडी पुन्हा रुतली. भूषणने इतकी रेस दिली की मागच्या एक्सलच्या क्राउन-पिनियनचे दात गेले. टिपर ओढत कडोदऱ्याला जयेशभाईंच्या गॅरेजात. भूषण हसत घरी आला. "ताई, दात पाडून आलो. माझे नाही, गाडीचे." मला हसू येईना. गाडी धाकट्याने चालवायची, तिच्यात काय बसवायचं ते मी ठरवायचं. आबांनी अंथरूण धरल्यावर आम्हा दोघा लेकरांना अशी वाटणी करून दिलीय.

३ जाने.
दातांचा जोड निवडायचा. ७/४१, म्हणजे लहान चाकाला सात दात, मोठ्याला एकेचाळीस, रस्त्यावर पळेल. ६/४१ हळू, पण मुरूम भरून चिखलातून ओढेल. आबांना विचारलं. "कडोदरानी सडक सपाट शे. सातवाला टाक."
बरोबरच. आम्ही त्यांना सांगितलंय, भूषण कडोदऱ्याला विटा वाहतो. खाडीचं नाव काढलं तर झोपायचे नाहीत, म्हणून.
जयेशभाईंना ६/४१ सांगून आले.

५ जाने.
जयेशभाई: "बेन, खुल्लुं ज छे तो आ पण नाखी दो. पछी फसाशे ज नहीं." एक्सल उघडलंच आहे तर हेही बसवा, मग गाडी अडकणारच नाही म्हणे: मोडीतल्या गाडीचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. साध्यात एक चाक चिखलात आलं की तेच गरगरतं, दुसरं नुसतं उभं. यात दोन्ही जोर लावतात. भूषण माझ्या तोंडाकडे बघत उभा.
हो म्हटलं. तेल वेगळं लागतं का, दोनदा विचारलं. लागतं. तेही घेतलं. घरी आबांना सांगितलं नाही.

८ जाने.
रुतत नाही. बाकीच्या गाड्या अलीकडेच माल टाकून परततात. ठेकेदार भूषणला पार टोकापर्यंत पाठवतो. "सगळे बघत राहतात ताई, आपली म्हैस आरामात निघते चिखलातनं!"
आधी रुतायची तेव्हा निदान अलीकडे रुतायची.

११ जाने.
जेवताना भूषण बोलून गेला, सहावाला जोड भारी आहे. आबांचा घास थांबला. "कडोदराले सहावाला कसाले?"
मग मीच सगळं सांगितलं. खाडी, पाळा, लिमिटेड स्लिपसुद्धा. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "पाळाना उतार कोणीकडे शे?"
खाडीकडे.

१२ जाने.
आबांनी सकाळी जवळ बसवलं. "तुले चाक याद शे?"
लहानपणी ते एक्सल जॅकवर उचलून एका चाकाशी मला, दुसऱ्याशी भूषणला बसवायचे. मी पुढे फिरवलं की त्याचं मागे. तो रडायचा, ताई माझं उलटं करते. माझी पहिली शाळा ती.
आज राहिलेला धडा. उतारावर साधी गाडी घसरली तर एक चाक फिरतं, उभं राहिलेलं दुसरं गाडीला धरून ठेवतं. दोन्ही एकदम फिरली की धरणारं कोणी नाही. मागची बाजू आडवी सरकत उताराला लागते. "गाडी अडकनी म्हणजे ती सांगी राह्यनी, पुढं जाऊ नको. तुम्ही तिनं तोंड बांधी टाकं."
'तुम्ही' म्हणाले. मी एकटीने हो म्हटलं होतं.

१३ जाने.
जयेशभाई ते डिफरन्शियल काढून देतील, पण उतराण, म्हणजे संक्रांत, झाल्यावर. तोवर गॅरेज बंद. भूषणला म्हटलं, दोन दिवस जाऊ नको.
"उद्या सगळे पतंगावर, ठेकेदाराला माझीच गाडी हवीय. आबांना खाटेवरनं खाडी दिसते का?" म्हणाला, आणि मग आबांच्या खोलीकडे बघेना.
आज पुनव. उद्या भरती मोठी.
किल्ली तांदळाच्या डब्यात घातली.

१४ जाने.
दुसरी किल्ली त्याच्याकडे होती.
आमच्या नवागामच्या सगळ्या गच्च्यांवर स्पीकर आणि ओरडा. आबांनी खिडकी लावायला सांगितली, पुन्हा उघडायला सांगितली. जेवणाच्या वेळी भूषणचा फोन: "दोन फेऱ्या झाल्या. पाणी पाळ्याला लागलंय, माती जरा गुळगुळीत आहे. एक शेवटची मारून निघतो. तीळगूळ ठेव." मी मागे फिर म्हणेपर्यंत ठेवला.
त्यानंतर फोन नाही.
मी नंबर काढला तर आबांनी हात धरला. "पाळावर व्हई ते? फोन उचलाले एक हात स्टेरिंगवरतून काढी."
खरं आहे. पण तो पाळ्यावर नाही हे मला इथून कधी कळणार? फोन मांडीवर ठेवून बसलेय. आबांचा हात अजून माझ्या डाव्या मनगटावर आहे.